विम: फाईल दुसऱ्या सेशनमध्ये उघडी असेल तर नेमकं काय निवडायचं?

नमस्कार मंडळी,

ऑफिसच्या उबुंटू सर्व्हरवर आम्ही तिघं एकाच लॉगिनने काम करतो. (वेगळी लॉगिन्स मागितली आहेत, त्यावर उपदेश नको!) जँगोची (पायथनचं वेब फ्रेमवर्क) सेटिंग्ज फाईल विममध्ये (टर्मिनलमधला टेक्स्ट एडिटर) उघडली की हमखास 'ई३२५ अटेन्शन' असा पानभर मजकूर येतो. खाली पर्याय: ओपन रीड-ओन्ली, एडिट एनीवे, रिकव्हर, क्विट, अबॉर्ट. कधी त्यात 'डिलीट इट' पण असतं, कधी नसतं. हे कशावरून ठरतं?

मालक म्हणून तिघांचं एकच यूजरनेम दिसतं, त्यामुळे फाईल कोणाकडे उघडी आहे ते कळत नाही. दर वेळी विचारतं म्हणून आमच्यातले एक जण न वाचताच 'ई' दाबतात आणि मग एकाचे बदल दुसऱ्याच्या सेव्हखाली जातात. स्वॅप फाईलच (विम सेव्ह न केलेले बदल जपतो ती, हा इशारा तिच्यामुळेच येतो) बंद करा असा सल्ला मिळाला, पण तो म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. कोणाकडे उघडी आहे ते शोधायचं कसं, आणि अशी फाईल आपोआप रीड-ओन्ली उघडेल अशी सोय आहे का?

प्रतिसाद:
'प्रोसेस आयडी'ची ओळ बघा. पुढे 'स्टिल रनिंग' असेल तर तो विम अजून चालू आहे, म्हणूनच 'डिलीट' दिसत नाही. तो आकडा 'पीएस'ला (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) देऊन टीटीवाय (ती प्रोसेस ज्यावर चालू आहे ते टर्मिनल) काढा आणि 'डब्ल्यू' कमांडमध्ये (कोण लॉगिन आहे ते दाखवते) त्या टीटीवायसमोरचा आयपी बघा. माणूस सापडेल.

'स्टिल रनिंग' नसेल तर बहुधा एसएसएच (सर्व्हरशी दुरून केलेली जोडणी) तुटून मागे राहिलेली स्वॅप फाईल आहे. रिकव्हर करा, वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फाईलशी डिफ करा (फरक तपासा). मग .एसडब्ल्यूपी (तीच स्वॅप फाईल) स्वतः उडवा. रिकव्हर केल्यावर विम ती आपणहून काढत नाही, म्हणून तोच इशारा पुन्हा पुन्हा येत राहतो. फाईल एनएफएसवर (नेटवर्कवरून शेअर केलेल्या डिस्कवर) असेल तर होस्टनेमही (मशीनचं नाव) तपासा. दुसऱ्या मशीनवरची प्रोसेस विमला इथून दिसत नाही.

रीड-ओन्लीसाठी 'स्वॅपएक्झिस्ट्स' ऑटोकमांडमध्ये (स्वॅप फाईल सापडली की विम आपोआप चालवतो ती कमांड) व्ही:स्वॅपचॉइस = 'ओ' द्या. मी स्वतः सरसकट लावणार नाही. क्रॅशनंतरची फाईलही गुपचूप उघडेल आणि रिकव्हर करायचं राहून जाईल.

धागाकर्ता:
आभार! आकडा जुळला, पण 'डब्ल्यू'मध्ये आयपीच्या जागी 'टीमक्स' असं काहीतरी आहे.

प्रतिसाद:
मग कोणीतरी टीमक्स (लॉगआउट केलं तरी टर्मिनल सेशन चालू ठेवणारा प्रोग्रॅम) डिटॅच करून, म्हणजे सेशन चालू सोडून, बहुधा घरी गेलंय. 'टीमक्स एलएस' (सेशन्सची यादी) करा, त्या सेशनला अटॅच व्हा. लॉगिन एकच असल्याचा एवढा तरी फायदा. त्या विममध्ये सेव्ह न केलेलं काही असेल तर आधी तिघांत विचारा, मग नीट बाहेर पडा. स्वॅप फाईल आपोआप जाईल. प्रोसेस थेट किल मात्र करू नका.