मदत हवी आहे: बाबांचा हरिपाठ थांबलाय

माउली, वारकरी घरातल्या जाणत्या मंडळींना विचारतेय.

बाबा २२ वर्षं आळंदीहून पायी वारी करतात. मागच्या महिन्यात बायपास झाली. ऑपरेशनला नेताना नर्सने गळ्यातली तुळशीची माळ काढायला सांगितली. बाबांनी दोन्ही हातांनी ती घट्ट धरली, मग स्वतःच काढून माझ्या ओंजळीत ठेवली. मणी घामाने ओले होते.

आता घरी आलेत, पण माळ परत घालत नाहीत. "एकदा उतरली ना, मोडला नेम," एवढंच म्हणतात. संध्याकाळचा हरिपाठही बंद. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची बायको आणि मूल गेलं, तरी त्यांनी विठ्ठलाला सोडलं नाही, हे बाबांनीच मला लहानपणी सांगितलेलं. आज तेच त्यांना ऐकवायला माझी जीभ रेटत नाही.

उपचारासाठी उतरलेली माळ पुन्हा कशी घालायची? ज्या महाराजांनी ती घातली ते आता हयात नाहीत. दिंडीच्या विणेकऱ्यांना घरी बोलावलं तर चालेल का? तुमच्याकडे असं कोणाचं झालं असेल तर कृपया सांगा. एकादशी जवळ आलीय, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असतात.