बाबांचा रोजचा एक पेग: हृदयाला चालतो का? तपासणी सुचवा, बजेट १५०० रुपये

कपाशीवाला_दारव्हा: नमस्कार मंडळी. बाबा ६१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. वावरातून आले की जेवणाआधी एक पेग, पंचवीस वर्षांपासून. डॉक्टर बंद करा म्हणतात. बाबा म्हणतात, थोडी घेतली की रक्त पातळ राहते. एचएस-सीआरपी तपासणीत अंगातली सूज कळते असं ऐकलं. करावी का? १५०० च्या वर जमत नाही, सोयाबीन अजून घरातच आहे.

वणीचा_पाटील: भाऊ, जिवापुढे पैसा पाहू नका. मी नागपुरात फुल बॉडी केलं, साडेसहा हजार लागले. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ३८० निघालं. तेच करा.

मोहफूल: इंग्लिश सोडा न मोहाची घ्या. आमच्या आज्यानं जलमभर तेच घेतली, नव्वदीपर्यंत बैल हाकले.

वर्धेकर: मोहाची काय न बाटलीची काय, आत इथेनॉलच. हातभट्टीत तर किती कडक हेही कळत नाही. आमच्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, ती काय उगाच?

चांदा_७१: बंदीचं नाव काढू नका. आमच्या चंद्रपुरात २०१५ ला लागली, २०२१ ला उठली. मधल्या काळात पिणारे काही थांबले नाहीत.

लॅबवाली_ताई: रोज रक्त काढते म्हणून सांगते. एचएस-सीआरपी १ च्या खाली चांगलं, ३ च्या वर धोका जास्त. पण दात किडला, पायाला चिखल्या झाल्या, ताप येऊन गेला, तरी आकडा चढतो. १० च्या वर गेला तर दोन आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं. त्यापेक्षा लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि शुगर करा, आदल्या रात्री पेग नको.

थोडी पिणाऱ्यांचं सीआरपी कमी दिसलं असे अभ्यास आहेत, खरं आहे. पण आजारपणामुळे सोडलेले लोक 'न पिणाऱ्यांत' मोजले गेले की पिणारे आपोआप धडधाकट दिसतात. वर्ल्ड हार्ट फेडरेशनने २०२२ मध्ये सांगितलं, हृदयासाठी कितीही कमी दारू चांगली नाही. रोजच्या दारूने बीपी तर वाढतंच. आणि दादा, बाबांचा पेग मोजला का?

वणीचा_पाटील: मी तेच म्हणतो, नागपूरला न्या.

कपाशीवाला_दारव्हा: काल मोजला. बाबांचा स्टीलचा गिलास घेतला, खोकल्याच्या औषधाच्या १० मिलीच्या झाकणानं पाणी ओतत गेलो. त्यांच्या रोजच्या खुणेपर्यंत नऊ झाकणं लागली.

लॅबवाली_ताई: म्हणजे ९० मिली. ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, तेच एक माप. बाबा रोज तीन मापं घेतात. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एका झटक्यात तोडू नका. इतक्या वर्षांच्या सवयीनंतर हात थरथरतात, झोप उडते, कुणाला झटकेही येतात.

वर्धेकर: लिपिड कराच. आणि दारू आजच्या आज बंद. आमच्या काकांनी गणपतीत सोडली, पुन्हा हात लावला नाही.

कपाशीवाला_दारव्हा: सगळ्यांचे आभार. तपासणी सध्या करत नाही. त्या पैशात बीपीचं मशीन आणलं, १४५० ला. बाबांना रक्ताचा कागद समजत नाही, आकडा समजतो. आज सकाळी १५४/९६ आला. ते बराच वेळ मशीनकडं पाहत राहिले, मग म्हणाले, "झाकण दे इकडं." आज सहा झाकणं घेतली. सोमवारी वही घेऊन डॉक्टरांकडं जातो.

लॅबवाली_ताई: पट्टा दंडाचा आहे ना, मनगटाचा नाही? सकाळी गोळीआधी, पाच मिनिटं टेकून बसल्यावर घ्या.