वेगळ्या टाक्या लागत नाहीत, अडचण दुसरीकडे आहे
प्रत्येक विमानतळावर शाश्वत इंधनासाठी (म्हणजे वापरलेलं खाद्यतेल, कचरा अशा गोष्टींपासून बनवलेलं विमानाचं इंधन) वेगळ्या टाक्या आणि पाइपलाइन टाकाव्या लागतील, म्हणून ते सक्तीचं करण्याचं धोरण परवडणारच नाही, हा इथल्या चर्चेत मांडलेला मुद्दा मला पटला नाही. हे इंधन सहसा विमानतळाबाहेरच नेहमीच्या जेट इंधनात मिसळतात (कमाल मर्यादा सध्या 50 टक्के, काही प्रकारांना त्याहूनही कमी). प्रमाणित झालेलं मिश्रण मग त्याच टाक्यांतून, त्याच हायड्रंटमधून (विमान उभं राहतं तिथल्या जमिनीखालच्या इंधनवाहिनीच्या तोंडातून) विमानात जातं. ऑस्लो विमानतळावर हे 2016 मध्येच सुरू झालं.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तिच्याबद्दल इथे कोणी लिहिलेलं नाही. एका ठिकाणी सक्ती येऊन इंधन महागलं, की विमान कंपन्या स्वस्त विमानतळावरून जादा इंधन भरून आणतात. ते वजन वाहण्यातच आणखी इंधन जळतं! म्हणून युरोपीय संघाने पुरवठादारांवर 2025 पासून 2 टक्के आणि 2030 पासून 6 टक्के शाश्वत इंधन देण्याची सक्ती केलीच, शिवाय संघातल्या विमानतळावरून उडणाऱ्या कंपन्यांनी वर्षभरात लागणाऱ्या इंधनापैकी किमान 90 टक्के तिथेच भरावं, असंही बंधन घातलं. माझ्या मते टक्केवारीपेक्षा हे कलम जास्त महत्त्वाचं आहे. सुरक्षेच्या कारणासाठी त्यात सूट मिळते, आणि ती असायलाच हवी.