लाइमची तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे आजार अजून अंगात आहे का?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे. मे-जूनमध्ये मी आणि सौ. लेकीकडे कनेटिकटला होतो. तिच्या घरामागे झाडी आहे, हरणं थेट अंगणात येतात. सौ. तिथे रोज पुदिना खुडायला जायची. १४ जूनला तिच्या गुडघ्यामागे खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड चिकटलेली दिसली. लेकीनं चिमट्यानं काढली. दहाव्या दिवशी तिथेच लाल चट्टा उठला आणि वाढत वाढत तळहाताएवढा झाला. ना खाज, ना दुखणं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त न घेताच, नुसतं बघून लाइम, म्हणजे गोचीड चावून होणारा जंतूचा आजार, सांगितला आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस दिलं. चट्टा गेला.

दिवाळीपासून मात्र सौ.ला थकवा आहे, जिना चढताना दोन्ही गुडघे दुखतात. कमाटी बागेतलं सकाळचं फिरणं बंद पडलंय. इथे दाखवलं तेव्हा रक्त बाहेरगावी पाठवलं. रिपोर्टमध्ये एलायझा ही पहिली तपासणी पॉझिटिव्ह. वेस्टर्न ब्लॉट या दुसऱ्या तपासणीत आयजीएम पॉझिटिव्ह (२३ आणि ४१ हे पट्टे), आयजीजीचे तीनच पट्टे म्हणून निगेटिव्ह. आम्हाला सांगितलं की आयजीएम आहे म्हणजे इन्फेक्शन चालू आहे, तीन महिने शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागेल. त्या दिवसापासून सौ. धड जेवत नाही. जंतू आत्ता अंगात आहे की नाही, हे नक्की सांगणारी तपासणी कुठली?

कारेलीबागवाला:
काका, चिकनगुनिया तपासलात का? आमच्या आईचे सांधे ताप गेल्यावरही चार महिने धरलेले होते. लाइमचं मला काही कळत नाही, पण सांधेदुखी म्हटलं की आपल्याकडे आधी ते बघावं.

प्रयोगशाळेतली ताई:
काका, मी इथेच बडोद्यात एकवीस वर्षं मायक्रोबायॉलॉजीत काम करते. काकूंना हे वाचून दाखवा.

एलायझा काय, ब्लॉट काय, दोन्ही जंतू शोधतच नाहीत. जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडी शोधतात. औषधानं जंतू मेला तरी या अँटिबॉडी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. त्यामुळे लाइम बरा झाला की नाही हे या तपासणीतून कळत नाही, पुन्हा पुन्हा केली तरी नाही.

आता आयजीएम, म्हणजे सुरुवातीला तयार होणारी अँटिबॉडी. ते पहिल्या चार आठवड्यांपुरतंच धरायचं असा नियम आहे. त्यानंतर एकट्या आयजीएमवर निदान करत नाहीत, तेव्हा आयजीजी, म्हणजे नंतर तयार होणारी अँटिबॉडी, बघतात आणि त्याचे दहापैकी पाच पट्टे लागतात. काकूंचे तीन आहेत. औषध लवकर मिळालं तर आयजीजी पुरतं तयारच होत नाही, हे नेहमी दिसतं. शिवाय ४१चा पट्टा हा जंतूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा. तसलं प्रथिन इतर बऱ्याच जंतूंत असतं, त्यामुळे तो निरोगी माणसातही उमटतो.

ब्लॉटची पट्टी काडीसारखी अरुंद असते. तिच्यावर फिकट करड्या रेघा, तेच हे पट्टे. पुसटशी रेघ मोजायची की सोडायची, हे पुष्कळदा बघणाऱ्याच्या डोळ्यावर असतं. मी स्वतः अशा पट्ट्या खिडकीपाशी नेऊन दोनदोनदा बघितल्या आहेत. म्हणून कुणी त्या एका रेघेवर तीन महिन्यांची सलाइन लावायला निघालं की माझा जीव तुटतो. लांबलचक अँटिबायोटिकचे नीट प्रयोग झालेत. २००१ला अमेरिकेतले आणि २०१६ला नेदरलँड्समधले निकाल छापून आले. लाइमनंतर रेंगाळणाऱ्या त्रासात जास्त दिवसांच्या औषधानं जास्त फायदा दिसला नाही. शिरेत नळी राहिली की रक्तात जंतुसंसर्गाचा आणि गुठळीचा धोका मात्र खरा.

तिथल्या डॉक्टरांनी रक्त घेतलं नाही हे बरोबरच केलं. पहिल्या काही आठवड्यांत अँटिबॉडी पुरेशा नसतात, तपासणी सर्रास निगेटिव्ह येते, आणि तसा चट्टा असला की निदान तेवढ्यावरच होतं. त्याचा फोटो आहे का?

रक्तातला पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, सांगितला तरी घाई नको. जंतू रक्तात थोडा आणि थोडेच दिवस असतो. लाइमच्या संधिवातात बहुधा एकच गुडघा पाणी भरून टम्म फुगतो आणि आयजीजी ठळक येतं. तेव्हा गुडघ्यातलं पाणी काढून पीसीआर करण्यात अर्थ आहे. काकूंचा गुडघा फुगलाय का? तोंड एका बाजूला वाकडं झालं, चक्कर येऊन पडल्या, छातीत धडधडलं, तर मात्र लगेच दवाखाना. एरवी थायरॉइड, बी१२, साखर, सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि गुडघ्यांचा एक्स-रे. कारेलीबागवाल्यांनी म्हटलेलं चिकनगुनियाही करून घ्या.

दांडियाबाजारकर:
ताई, तुमचं उत्तर सौ.ला दोनदा वाचून दाखवलं. काल हाडांच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, पाणी नाही. एक्स-रेत वयाची झीज आहे. बी१२ १२६ आलंय, खूपच कमी म्हणाले, आज पहिलं इंजेक्शन झालं. चिकनगुनियाचा रिपोर्ट यायचाय. शिरेतलं औषध घेणार नाही असं तिकडे कळवलं.

चट्ट्याचा फोटो लेकीकडे होता, तिनं तारखेसकट पाठवला. रावपुऱ्यात त्याची प्रिंट काढून आणली आणि फाइलमध्ये रिपोर्टच्याही वर लावली आहे.