जुन्या ट्रकला बीएस-४ इंजिन बसवू द्यावं की नाही?

कोल्हापुरी चेसिस

माझी गाडी २००९ ची, सहा टायरी, बीएस-२ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषण मर्यादेचा टप्पा; आकडा मोठा तेवढी मर्यादा कडक). चेसिस ठणठणीत, केबिनचं काम नुकतंच केलेलं. इंजिन मात्र संपलं, ब्लॉकलाच तडा गेलाय. त्याच मेकचं, त्याच टाइपचं जुनं इंजिन भंगारातून आणलं तर आरटीओत अर्ज करून आरसीवर नवा नंबर चढवता येतो. पण अपघातानंतर कटिंगला (भंगारात तोडायला) गेलेल्या २०१८ च्या गाडीचं बीएस-४ इंजिन घालतो म्हटलं, की एजंटापासून साहेबापर्यंत सगळे हात वर करतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसी विसंगत होईल असा बदल करू नका. सूट आहे ती इंधन बदलणाऱ्या किटला: सीएनजी, एलपीजी, बॅटरी. डिझेलवरून कमी धुराच्या डिझेलवर जाणाऱ्याला त्यात जागा नाही. आता आकडे बघा. हेवी गाडीला बीएस-२ मध्ये नॉक्सची (धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची) मर्यादा दर किलोवॅट-तासाला ७ ग्रॅम होती, बीएस-४ मध्ये ३.५. काजळीचे कण ०.१५ वरून ०.०२ वर आले. म्हणजे जास्त काजळी ओकणारं इंजिन कायदेशीर आणि कमी ओकणारं बेकायदेशीर!

वर आणखी गंमत. त्याच कलमात पोटकलम २ आहे. निदान दहा गाड्या असणाऱ्या मालकाला राज्य सरकार अशी मुभा देऊ शकतं की त्यानं त्याच टाइपचं इंजिन परवानगी न घेता बदलावं. आमच्यासारख्या एका गाडीच्या धन्याची काळजी कोणाला?

पासिंग ते पेन्शन

दादा, आरटीओत नोकरी झाली आहे, म्हणून सांगतो. ३.५ हा आकडा एकट्या इंजिनाचा नसतो. इंजिनापासून सायलेन्सरच्या टोकापर्यंतचा सगळा सरंजाम जोडून तो मिळतो. कटिंगमधून तुमच्या हाती काय पडतं? ब्लॉक, हेड, फार तर टर्बो. वायरिंग कापलेलं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गायब, युरियाची टाकी फुटलेली, कॅटॅलिस्टचा (धूर साफ करणारा) डबा आधीच दुसऱ्याला विकलेला.

एससीआरवाली (धुरात युरिया फवारणारी) इंजिनं मुद्दाम जास्त तापमानाला जाळतात. त्यानं काजळी कमी होते, नॉक्स वाढतो, आणि तो वाढलेला नॉक्स पुढे युरियानं मारायचा असा हिशेब असतो. युरिया काढलात की हिशेबाचा अर्धा भागच गेला. डोळ्याला धूर दिसणार नाही, विष मात्र जाणारच.

आणि तपासायचं कशानं? पीयूसीवाला रेस देऊन फक्त धुराची दाटी मोजतो. जुन्या गाडीला ६५ हार्ट्रिजची (धुराच्या दाटीचं माप) मर्यादा, बीएस-४ ला ५०. नॉक्स तिथे मोजतच नाहीत. युरिया बंद केलेली गाडी ही चाचणी हसत पास होते.

सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात कलम ५२ चा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं: बेकायदा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दहा गाड्यांच्या मुभेचं म्हणाल, तर तीही त्याच मेक-टाइपपुरती आहे आणि बदलल्यावर १४ दिवसांत कळवावंच लागतं.

पंपवाला, शिरोली

सायेब म्हणत्यात ते खरं हाय, पण निम्मं. कमिन्स कंपनीच्या इंजिनाला युरिया लागतोय, कबूल. लेलँडनं मात्र बीएस-४ ला ईजीआरचा रस्ता धरला, म्हंजे थोडा धूर परत इंजिनातच फिरवायचा; डिझेलचा पंप जुन्या पद्धतीचा इनलाइनच ठेवला. युरियाची भानगडच न्हाई. मालक, तुमची गाडी लेलँड का टाटा?

कोल्हापुरी चेसिस

लेलँड.

पंपवाला, शिरोली

मग तर काम सोपं हाय. माउंटिंग बघायचं, रेडिएटर-इंटरकूलर त्या गाडीचाच घ्यायचा, ईजीआरचं कंट्रोल युनिट वायरिंगसकट आणायचं. आख्खी गाडी डोळ्यांसमोर कापून घेतली तर समदं मिळतंय. नुसता ब्लॉक आणून वरनं पत्रा मारून ईजीआर बंद करणारे पण हाइत म्हणा, आमच्याच लाइनीत हाइत.

पासिंग ते पेन्शन

तुमच्या शेवटच्या वाक्यातच माझं उत्तर आलं. दहा गॅरेजवाले तुमच्यासारखं करतील, बाकीचे पत्रा मारतील, आणि आरसीवर दोघांच्याही बीएस-४ लिहिलेलं असेल. परत उद्या कुठे बीएस-४ च्या खालच्या गाड्यांना बंदी आली तर हा कागद सोन्याच्या भावानं विकला जाईल.

रोडपालीची रहिवासी

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ राहते. तुमची चर्चा इंजिनाभोवतीच फिरते आहे. ब्रेक, स्टिअरिंग, चेसिसचा गंज, ते २००९ चंच राहणार ना? पंधरा वर्षं झाली, गाडी भंगारात द्या. आमच्या मुलांनी किती दिवस खोकायचं?

कोल्हापुरी चेसिस

ताई, खोकल्याचं तुमचं म्हणणं मान्य आहे, म्हणून तर कमी धुराचं इंजिन मागतोय. ब्रेक-स्टिअरिंग दरवर्षी पासिंगला तपासतात. पंधरा वर्षांवरच्या हेवी गाडीची फिटनेस फी २०२२ च्या एप्रिलपासून १२,५०० केली, तीही भरली. नवी गाडी २५-३० लाखांची. ऊस हंगाम आणि वाळूच्या भाड्यावर तो हप्ता फिटत नाही. गाडी भंगारात दिली तर मी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होणार, आणि ती गाडीसुद्धा बहुतेक जुनीच असणार.

फ्रीमाँटकर

कॅलिफोर्नियातून लिहितोय. इथे कारचं इंजिन बदलायला बंदी नाही. अट एवढीच: नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं आणि त्याच्या प्रदूषण यंत्रणेचा प्रत्येक भाग सोबत हवा. मग ‘रेफ्री’कडे गाडी न्यायची, तो भाग न् भाग जुळवून बघतो. ट्रकांचा नियम वेगळा आणि कडक. १ जानेवारी २०२३ पासून जवळजवळ सगळ्या मोठ्या डिझेल ट्रकांना २०१० किंवा नंतरचं इंजिन लागतं, नाहीतर नोंदणीच होत नाही. जुन्या चेसिसमध्ये तसं इंजिन घालायची मुभा आहे. पण स्टॉकटनकडचे ओळखीचे पंजाबी ट्रकवाले सांगतात, फिल्टर, युरिया, वायरिंग सगळं बसवण्यापेक्षा वापरलेला २०१२ चा ट्रक स्वस्त पडतो.

उलटा उद्योगही इथे झाला. नव्या कोऱ्या चेसिसमध्ये जुनी, यंत्रणा नसलेली इंजिनं घालून ‘ग्लायडर’ म्हणून विकायचे. शेवटी २०१६ च्या नियमांनी त्याला लगाम घातला.

कोल्हापुरी चेसिस

रेफ्री! हेच तर मागतोय. आमच्याकडे पुण्यात एआरएआय (गाड्यांची चाचणी करून प्रमाणपत्र देणारी संस्था) आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं ३.५ टनांखालच्या बीएस-६ गाड्यांना डिझेल इंजिन काढून सीएनजी इंजिन बसवायची वाट करून दिलीच की. मग जड गाड्यांना का नको?

पासिंग ते पेन्शन

ती वाट किट बनवणाऱ्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. कंपनी एका मॉडेलला टाइप अप्रूव्हल (नमुना तपासून मिळणारी मंजुरी) घेते, ते तीन वर्षं चालतं आणि खर्च शेकडो किटांवर वाटला जातो. तुमची एकटी गाडी एआरएआयच्या बेडवर चढवली तर चाचणीच्या पैशांत दुसरी जुनी गाडी येईल. लेलँडनं स्वतःच जुन्या चेसिससाठी पूर्ण बीएस-४ संच मंजूर करून घेतला, तर मी पहिला सही करायला तयार होतो. पण त्यांना नवी गाडी विकायची आहे, हे कशाला करतील?

पंपवाला, शिरोली

न्हाई करणार. मालक, सांगलीत तुमच्याच टाइपचं बीएस-२ इंजिन आलंय, लायनर-पिस्टन नवं. धूर जरा हाय, पण कागदाला अडचण न्हाई. गुरुवारपतुर कळवा, दुसरं गिऱ्हाईक हाय.

पासिंग ते पेन्शन

घेणार असाल तर आधी भंगारवाल्याकडून पावती आणि त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद घ्या. चोरीचं निघालं तर गाडी पोलीस ठाण्यात जाते. आणि आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर त्यांची लेखी संमती इंजिन उतरवायच्या आधी घ्या.