साधं पारंपरिक धनुष्य: सुरुवात कशी करावी?

फोंड्याचा_नवशिका
नमस्कार. साइट (नेम धरायची खूण), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) काही नको, साधं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य घ्यायचंय. उंची ५ फूट ६ इंच. दुकानदार म्हणतो ३५ पौंडांचं (ओढायला लागणारा जोर) घ्या, सवय होते. अंगण ९ मीटर लांब, टोकाला चिऱ्यांची उंच भिंत. उसन्या धनुष्यावर हात बसवतोय, पण दोरी डाव्या हातावर सणकून लागते. पावसाळ्यात ठेवायचं कसं?

सत्तरीकर
३५ अजिबात नको. २० ते २४ पौंड पुरे. तो आकडा २८ इंच ओढीचा, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावरचा असतो. तुमच्या उंचीला ओढ २६ इंचांच्या आसपास भरेल, म्हणजे २४ चं धनुष्य हाताला साधारण २० चंच लागेल. जड धनुष्य पाठीऐवजी दंडाने ओढलं जातं, खांदा कानाकडे चढतो आणि मधलं बोट ओठांच्या कोपऱ्याला टेकायच्या आत दोरी सुटते. ही खोड एकदा लागली की मोडता मोडत नाही. टेकडाऊन, म्हणजे सुटं होणारं धनुष्य घ्या, पुढे फक्त लिम्ब (मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग) बदलता येतात.

बाण पिसांचेच घ्या. साध्या धनुष्यात बाण थेट शेल्फवर, म्हणजे मुठीच्या वरच्या खाचेवर टेकतो. प्लास्टिकचे पंख शेल्फला आपटून बाण भरकटवतात, पीस मात्र दबून निघून जातं.

दोरी_आणि_पीस
दोरी लागते त्याची कारणं बहुधा दोन. एक, कोपर. मूठ न हलवता कोपर असं फिरवा की त्याचं टोक खाली जमिनीकडे न राहता बाहेर, डावीकडे वळेल. दुसरं, ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून दोरीचं अंतर, कमी. मुठीच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंत मोजा. रिकर्व्हला बहुतेक ७ ते ८ इंच लागतं, बनवणाऱ्याने दिलेला आकडा पाळा. कमी भरलं तर दोरी उतरवून तिला आणखी पीळ द्या, ती आखूड होते आणि अंतर वाढतं. आर्मगार्ड (हातावर बांधायची पट्टी) बांधाच, पण तो इलाज नव्हे.

दोरी चढवताना स्ट्रिंगर (त्यासाठीचा खास दोर) वापरा. पाय घालून चढवली तर लिम्बला पीळ बसतो. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडू नका: सगळा जोर लिम्बमध्येच राहतो, तडा जातो.

म्हादईकाठ
भिंतीबद्दल. चिऱ्यावर आपटलेला कार्बनचा बाण पुन्हा लावण्याआधी कानाजवळ धरून हळू वाकवा. करकर ऐकू आली तर मोडून फेका. तो सुटताना फुटतो आणि चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. भिंतीपुढे पोत्यात जुने कपडे ठासून भरलेलं लक्ष्य ठेवा. गवताच्या पेंढ्या आपल्या पावसात कुजतात. सुरुवातीला ५ मीटरवरूनच मारा. भिंतीपलीकडे पायवाट असेल तर तिथे सराव नकोच.

पावसाळ्यात दोरी उतरवून, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. कोपऱ्यात टेकवून ठेवलं तर खालचा लिम्ब पिळतो. बंद गाडीत उन्हात तर नकोच, लिम्बच्या थरांमधला गोंद सुटतो. अखंड बांबूचं धनुष्य दिसायला देखणं, पण ओल शोषून मऊ पडतं आणि वाकलेलंच राहतं. पहिलं धनुष्य फायबरग्लासच्या थराचंच असू द्या.

फोंड्याचा_नवशिका
आभारी आहे. कोपर वळवून पाहिलं, दोरी लागायची थांबली. ब्रेस हाइट ६ इंच भरली, आता पीळ देतो.

दोरी_आणि_पीस
एका वेळी चार-पाचच पीळ द्या आणि दर वेळी मोजा.