संगीताच्या रात्री पाहुण्यांच्या दारूचं बिल यजमानांनी भरायचं का?

नवरीचा भाऊ
डिसेंबरात बहिणीचं लग्न आहे, लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर. आदल्या रात्री संगीत. पाहुणे १५०, त्यात पिणारे साधारण ७०. बाबांचं म्हणणं, जेवण आपलं, दारू ज्याची त्याने विकत घ्यावी. मुलाकडच्यांना मात्र बार खुला हवाय. रिसॉर्टची दोन्हीला तयारी आहे. काय बरं दिसेल, आणि खर्च आटोक्यात कसा ठेवायचा?

हिशेबनीस
आमंत्रण ज्याचं, खर्च त्याचा. पत्रिका देऊन बोलवायचं आणि काउंटरवर पाकीट काढायला लावायचं, हे मला पटत नाही. द्यायची नसेल तर ठेवूच नका, त्यात काहीही कमीपणा नाही. पण खुला बार म्हणजे रात्रभर हवं ते, असंही नाही. दोन-तीनच प्रकार ठेवा, वेळ बांधून घ्या.

अंदाज असा: पहिल्या तासाला माणशी दोन, पुढे तासाला एक. तीन तासांचे माणशी चार, ७० जणांचे २८०. त्यातले १४० पेग धरा. ७५० मिलिच्या बाटलीत ६० मिलिचे १२ पेग निघतात, म्हणजे १२ बाटल्या (आठ व्हिस्की, दोन व्होडका, दोन रम). बिअरचे ९० ग्लास: ६५० मिलिच्या बाटलीत दोन, म्हणजे ४५ बाटल्या, १२ च्या चार पेट्या घ्या. वाइनचे ५० ग्लास, बाटलीला पाच, म्हणून १० बाटल्या. बर्फ माणशी किलोभर. बहुतेक ठिकाणी दारू उरते आणि बर्फ-सोडा संपतो, तिथे हात आखडू नका.

रिसॉर्टचं माणशी पॅकेज घेताना नीट बघा. ते १५० माणसांवर लावतात, आजी आणि शाळकरी मुलं धरून. फक्त पिणाऱ्यांवर लावायला सांगा, त्यांच्या हाताला पट्टी बांधा. दारूला जीएसटी नाही, व्हॅट वेगळा लागतो. कोटेशनमध्ये तो धरलाय का ते विचारा.

ठाणेकर
कायद्याचं आधी बघा. रिसॉर्टकडे स्वतःचा बार परवाना असेल तर पाहुण्यांनी पैसे देऊन घेणं चालतं. लॉनवर किंवा कार्यालयात आपण आणलेल्या बाटल्यांचे पैसे पाहुण्यांकडून घेतले तर ती विनापरवाना विक्री होते, भले नफा नसो. तिथे नुसती पाजायची असली तरी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा परवाना लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, पण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

गोव्यातून स्वस्तात आणू असं कुणी ना कुणी सुचवतंच. तसं करू नका. तिथल्या बाटल्या परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. तारीखही तपासा: निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे.

महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय २१ लागतं, बाकी दारूला २५. मुलांच्या कॉलेजच्या मित्रांना व्हिस्की दिली तर अडचण रिसॉर्टची आणि तुमची. बारवाल्याला हे स्पष्ट सांगा.

मांडववाला
तुमच्या प्रश्नात खरी गाठ दुसरीच आहे. बार मुलाकडच्यांना हवा आणि बिल मुलीच्या बापाने भरायचं, हे अजिबात बरोबर नाही. ज्यांना हवा त्यांनी भरावं, किंवा निम्मं-निम्मं. हे देण्याघेण्याच्या बैठकीतच मोकळेपणाने बोला, आणि रिसॉर्टला बारचं बिल मुलाकडच्यांच्या नावाने वेगळं काढायला सांगा. एकाच बिलात गेलं की ते फोडायचं कुणी, यावरून पाठवणीच्या दिवशी तोंडं वाकडी होतात.

खोल्यांवरच्या ऑर्डरी विसरू नका. संगीत संपलं की मंडळी खोलीत बसतात, मागवतात, आणि सगळं मुख्य बिलावर चढतं. खोलीत मागवलेली दारू पाहुण्याच्या खात्यावर, असं रिसेप्शनला लेखी द्या. ते पैसे पाहुण्यांनी देण्यात काहीच गैर नाही.

काउंटर जेवणाच्या आधी अर्धा तास बंद करा. जेवण आणि बार बरोबर चालले की पंगत बाराला उठते आणि जेवण गार होतं. सोबत शेंगदाणे, पापड, पनीर सुरुवातीपासून फिरतं ठेवा.

नवरीचा भाऊ
आभार. पॅकेजऐवजी 'जेवढं लागेल तेवढं' असं बिल घेतलं तर फसवणूक होते का?

हिशेबनीस
मोजदाद नसली तर होते. सुरू होण्याआधी सीलबंद बाटल्या मोजून दोघांच्या सह्या घ्या. रिकाम्या बाटल्या काउंटरखाली ठेवायला लावा, टाकू देऊ नका. अर्धी उघडलेली बाटली पूर्ण धरणार की पेगने, ते आधी लिहून घ्या. मापाशिवाय ओतू नका म्हणावं. अंदाजाने ओतलेला पेग सहज ८० मिलिचा होतो. नात्यातला न पिणारा एक माणूस तिथे उभा करा.

ठाणेकर
आणि गाड्यांचं बघा. १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ. अल्कोहोलच्या वर गेलं की पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मुक्कामी नसलेल्यांसाठी पुण्याकडे एक आणि मुंबईकडे एक टेम्पो ट्रॅव्हलर सांगून ठेवा. तो खर्च मात्र बिनशर्त यजमानांचाच.